आरपीजीतले साथीदार आणि नायकाची पूर्वकथा: किती लिहायची, कुठे थांबायचं?

चिंतामणी_कसबा

नमस्कार मंडळी. एका छोट्या आरपीजीच्या (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेमच्या) लेखनाबद्दल तुमची मतं हवी आहेत.

स्थळ पुणे, साल 1773. 30 ऑगस्टला, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. खेळ सुरू होतो दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दहा दिवस चालतो. लांबी सात-आठ तास, संवाद जास्तीत जास्त 40,000 शब्द, आवाज नाहीत, सगळं मजकुरात. खेळ बांधायचं इंजिन गोडो 4, संवाद इंक या संवाद लिहायच्या भाषेत.

साथीदार चार आहेत: पानिपताहून परतलेला बारगीर, वाड्यातली कुणबीण (विकत घेतलेली दासी), दफ्तरातला कारकून आणि त्या दिवशी वाड्यावर हजर असलेला एक गारदी. एका वेळी नायकाबरोबर दोघंच चालतील.

प्रश्न दोन. नायक कोरा ठेवायचा, विचर 3 मधल्या गेराल्टसारखा ठरलेला, की सुरुवातीला निवडायच्या तीन पूर्वकथा द्यायच्या? माझा कल तिसऱ्याकडे आहे. आणि साथीदारांची सहा-सहा पानी चरित्रं तयार आहेत, त्यातलं खेळात किती आणायचं?

---

मुठाकाठ

विषय फार आवडला. आधी दुसरा प्रश्न घेतो.

सहा पानं तुमच्यासाठी आहेत. खेळाडूला त्यातलं एवढंच हवं असतं, की या माणसाला आत्ता काय हवंय आणि ते आपल्या वाटेत कुठे आडवं येतं. पहिल्या मास इफेक्टमधला (2007) साथीदार रेक्स पाहा. त्याच्या जमातीवर लादलेल्या जनुकीय रोगाची माहिती जहाजावरच्या गप्पांत तुकड्या-तुकड्यांनी मिळते. मग व्हर्मायर या ग्रहावर जी प्रयोगशाळा उडवायची आहे, तिथेच त्या रोगावरचा इलाज असल्याचं कळतं आणि रेक्स बंदूक घेऊन तुमच्यासमोर उभा राहतो. तोवर जी माहिती होती, तिची भिंत होते, तीही मुख्य कथानकाच्या मध्यावर.

तुमच्या बारगिराचं उदाहरण घ्या. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. हा माणूस शिलेदार होता, पानिपतावर घोडा गेला आणि म्हणून तो बारगीर झाला, एवढं एक वाक्य सहा पानांचं काम करतं. त्याला पुन्हा स्वतःच्या मालकीचा घोडा हवाय. आता दहा दिवसांत कुठेतरी असा प्रसंग आणा, की घोडा मिळू शकतो पण तो गारद्यांच्या पैशातून.

प्रत्येक साथीदारासाठी कागदावर चारच ओळी ठेवा. त्याला काय हवंय. तो काय लपवतोय आणि ते आणखी कोणाला ठाऊक आहे. कुठल्या गोष्टीला तो काही झालं तरी नाही म्हणेल. आणि नायक भेटलाच नसता, तर या दहा दिवसांत त्याने काय केलं असतं. चौथी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि साथीदार अंगणात उभे राहून नायकाची वाट पाहताना दिसतात ते त्यामुळेच. तिथे ‘थांबला असता’ असं उत्तर येत असेल, तर पात्र अजून तयार झालेलं नाही.

---

हत्तीगणपती

मुठाकाठ यांना अनुमोदन. फक्त तो घोडा विचर 3 मधल्या रोच घोड्यासारखा छपरावर उभा राहू देऊ नका.

---

रसिका_डी

पहिल्या प्रश्नाबद्दल. तीन पूर्वकथा म्हणजे काय खर्च आहे, ते आधी मांडते.

ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये (2009) सहा सुरुवाती आहेत आणि प्रत्येक सुरुवात स्वतंत्र खेळायला मिळते. त्या लक्षात राहतात त्या पुढे परत येतात म्हणून. मानव सरदारघराण्यातून आलात, तर घर उद्ध्वस्त करणारा हाऊ शेवटाकडे समोर येतो. बुटक्यांच्या राजपुत्राचा खेळ खेळलात, तर ज्या भावाने तुम्हाला हद्दपार करवलं, त्याच्याच गादीच्या भांडणात निर्णय द्यायला ऑर्झमारला, बुटक्यांच्या शहरात, परतावं लागतं. उलट सायबरपंक 2077 मध्ये (2020) नोमॅड, स्ट्रीटकिड, कॉर्पो या तीन वाटा आहेत. प्रस्तावना लवकर संपते आणि पुढे मुख्यतः संवादातले काही जादा पर्याय उरतात. लोकांची निराशा झाली ती प्रस्तावना चांगली होती म्हणूनच, पुढेही तसंच असेल असं तिने वचन दिलं होतं.

तुमच्या आकारात हिशोब असा. तीन वेगळ्या प्रस्तावना, प्रत्येकी 2,000 शब्द, म्हणजे 6,000 शब्द. एका खेळाडूला त्यातले 2,000 दिसणार. 40,000 मधले 4,000 शब्द त्याच्या दृष्टीने नाहीतच. त्याऐवजी सगळ्यांना एकच सुरुवात द्या आणि प्रत्येक पूर्वकथा पाच वेळा परत आणा: एक दार तिच्यामुळे उघडतं, एक बंद होतं, रस्त्यात कोणीतरी ओळखतं, एक साथीदार वेगळा वागतो, आणि शेवटच्या प्रसंगात एक पर्याय वाढतो. तीन गुणिले पाच, पंधरा तुकडे. प्रत्येकी 150 शब्द धरले तर 2,250. पाच जागा सापडत नसतील, तर ती पूर्वकथा यादीतून काढून टाका.

---

पेठकर

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

नवा_बुरूज

रसिकाताई, हिशोब पटला, पण पूर्वकथा खेळ सुरू होण्याआधी निवडायला लावण्यालाच माझा विरोध आहे. पहिल्या पडद्यावर खेळाडूला ना शहर माहीत असतं, ना माणसं. ‘दफ्तरदाराचा पुतण्या’ निवडल्याने काय होणार, हे त्याला कुठून कळणार? तो आकडे बघून निवडतो.

माझ्या मते पूर्वकथा खेळाच्या आत, साथीदाराच्या तोंडून विचारली जावी. पहिल्या रात्री बारगीर विचारतो, ‘पानिपतावर तुमच्या घरचं कोण होतं?’ पर्याय: वडील, थोरला भाऊ, कोणीच नाही, किंवा गप्प राहणं. जे उत्तर दिलं तेच खरं ठरतं. असे तीन प्रश्न, तीन साथीदारांकडून, पहिल्या तासाभरात. साथीदार आणि नायक दोघंही एकाच संवादात उभे राहतात, शब्द दोनदा खर्चावे लागत नाहीत. आणि प्रश्न कोण विचारतं, यातून विचारणाराही कळतो: कारकून विचारेल ‘मोडी वाचता येते का?’, कुणबीण विचारेल ‘तुम्ही कोणाच्या घरचे?’

विस्मरण झालेला नायक मात्र टाळा. प्लेनस्केप: टॉरमेंट (1999) आणि डिस्को एलिझियम (2019) यांत ते चाललं, कारण तिथे विसरलेला माणूस कोण होता हाच मुख्य शोध आहे. तुमच्याकडे मुख्य शोध खुनाचा आहे. दोन शोध एकमेकांची हवा काढून घेतील.

---

रसिका_डी

नवा_बुरूज, प्रश्न विचारण्याची कल्पना माझ्यापेक्षा चांगली आहे, मान्य. एक भर घालते. उत्तर साठवताना दोन गोष्टी वेगळ्या साठवा: काय सांगितलं आणि कोणाला सांगितलं. बारगिराला ‘भाऊ’ आणि कारकुनाला ‘कोणीच नाही’ असं सांगितलं, तर ते दोघं बरोबर चालत असताना विषय निघायला हवा. प्रश्न तीन असले, तर असे पकडले जाण्याचे संवाद तीनच लिहावे लागतात, प्रत्येकी पाच-सहा ओळी. खेळाडूला वाटतं, ही माणसं आपल्यामागे एकमेकांशी बोलतात. एवढ्या कमी खर्चात एवढा परिणाम देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

---

तुळशीबाग_उत्तर

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया प्रसिद्ध आहे. 1776 साली त्याला देहदंड झाला. तुमच्या खेळाच्या काळात, पानिपताला बारा वर्षं झाल्यावरही, न परतलेल्या माणसांची वाट पाहणारी घरं शहरात आहेत. ‘मी अमक्याचा भाऊ’ हे सांगणं त्या पुण्यात नुसती ओळख नाही, दावा आहे. तेव्हा ‘भाऊ होता’ या उत्तरावर बारगिराने ‘कोणत्या पथकात?’ असा उलटा प्रश्न टाकलाच पाहिजे.

---

तळजाई

तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट कोणी विचारली नाही, आणि पेशवाईतल्या पुण्यात ती सगळ्यांत आधी विचारली गेली असती: जात. नायकाची जात ठरवली नाही, तर तो वाड्यात, विहिरीवर, देवळात, कुणबिणीच्या खोपटात सारख्याच सहजतेने फिरेल आणि शहर खोटं वाटेल.

ओरिजिन्समधला बुटका कॉमनर हा इथे शिकण्यासारखा नमुना आहे. तो जातिबाह्य आहे, चेहऱ्यावर डाग गोंदलेला आहे. लेखकांनी त्यावर भाषण लिहिलं नाही. ऑर्झमारमधले लोक त्याच्याशी बोलताना काय बोलतात आणि कुठे अडवतात, यातूनच ते कळतं. तुमच्याकडेही तसंच करा: पाणी कोण देतं आणि कसं देतं, उंबऱ्याच्या आत कोणाला घेतात, निरोप हातात देतात की खाली ठेवतात. प्रत्येक जागेसाठी एक-दोन ओळींचा फरक पुरतो, पण तो प्रत्येक जागी हवा. तीन ठिकाणी पाळला आणि चौथ्या ठिकाणी विसरला, तर खेळाडूला ते लेखकाचं मत वाटतं, शहराचा नियम वाटत नाही.

हे करायची तयारी नसेल, तर नायकाची जात एकच ठरवून टाका. अर्धवट करण्यापेक्षा ते बरं.

---

चिंतामणी_कसबा

तळजाई, हे अगदी योग्य. एकच ठरवतो: नायक कुणबी घरातला, जासुदाचं काम करणारा. निरोप्या असल्यामुळे दारापर्यंत सगळीकडे पोचतो, आत मात्र मोजक्याच ठिकाणी जातो. म्हणजे ठरलेला आणि कोरा यांच्या मधला. बाकीचं नवा_बुरूज यांच्या प्रश्नांतून.

पुढचा प्रश्न. विश्वासासाठी एक आकडा ठेवावा का? उणे 100 ते 100?

---

मुठाकाठ

जासूद उत्तम! त्याला प्रत्येक दारात काहीतरी ऐकू येतं, आणि तो कोणाचाच नाही.

आकड्याबद्दल. ओरिजिन्समध्ये नेमकं तेच आहे आणि त्याचं दुखणंही प्रसिद्ध आहे: साथीदाराला मनापासून दुखवा, मग त्याच्या आवडीच्या दोन-चार भेटवस्तू द्या, राग पुसला जातो. आकडा एकच असला, की सगळ्या घटना एकाच पिशवीत जातात. ड्रॅगन एज 2 ने (2011) मैत्री आणि प्रतिस्पर्धा अशी दोन टोकं केली आणि दोन्ही टोकांना संबंध घट्ट ठेवला. हे जास्त खरं आहे, सतत वाद घालूनही साथ न सोडणारी माणसं असतात. पण त्यातही मध्यावर राहणाऱ्या खेळाडूला सगळ्यांत कमी मिळतं, म्हणून लोक पहिल्या तासात बाजू ठरवून शेवटपर्यंत तिलाच चिकटून राहतात.

सात तासांच्या खेळात आकडा नकोच. प्रत्येक साथीदारामागे चार आठवणी ठेवा, प्रत्येकीचं उत्तर हो, नाही किंवा घडलंच नाही. कुणबिणीचं नाव कोतवालीत सांगितलं का? बारगिराचा घोडा विकला का? या आठवणी वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या बोलल्या जातात, बेरीज होत नाही. सेव्ह करून परत मागे जाण्याची सवयही कमी होते, कारण ‘मत घसरलं’ असं पडद्यावर काही दिसत नाही.

---

नवा_बुरूज

थोडा असहमत. आठवणी हव्यातच, पण पूर्ण लपवल्या तर खेळाडूला वाटतं काही घडतच नाही. फॉलआउट: न्यू वेगसमध्ये (2010) बून या साथीदाराचा विश्वास आतल्या आत मोजला जातो. त्याला बरोबर घेऊन ठरावीक ठिकाणी गेलात, ठरावीक प्रसंग त्याच्या देखत घडले, की गुण वाढतात, आणि पाच झाले की तो भूतकाळ उघड करतो. लिखाण फार सुंदर आहे, पण अनेकांना तो भाग दिसतच नाही, कारण ती ठिकाणं त्यांनी बूनला सोडून पाहिलेली असतात.

म्हणून नियम असा ठेवा: प्रत्येक वैयक्तिक क्वेस्टला (साथीदाराच्या स्वतःच्या उपकथेला) दोन दारं. एक प्रसंगाने उघडणारं, दुसरं दिवस उलटल्यावर आपोआप उघडणारं. कारकून सहाव्या दिवसापर्यंत बरोबर फिरलाच नाही, तर सहाव्या रात्री तो स्वतः चिठ्ठी पाठवतो. आणि मत बदललं की आकड्याऐवजी वागण्यातून दाखवा: तो चालताना मागे राहतो, जेवायला वेगळा बसतो.

---

रसिका_डी

चार जणांचं संवादांचं वाटप मांडते, सोयीचं पडेल. ओळ सरासरी दहा शब्दांची धरली, तर एका साथीदाराला 4,000 शब्द म्हणजे 400 ओळी. त्यातल्या 120 त्याच्या स्वतःच्या क्वेस्टला, 100 मुख्य कथानकात मध्येच बोलण्याला, 80 मुक्कामावरच्या गप्पांना, 60 इतर साथीदारांशी बोलण्याला, 40 लढाईतल्या आणि वाटेतल्या एकेका वाक्यांना. चौघांचे मिळून 16,000 शब्द. उरलेले 24,000 मुख्य कथानक, शहरातली माणसं आणि नायकाचे पर्याय यांना.

सगळ्यांत आधी कात्री मुक्कामावरच्या गप्पांना लावा, मध्येच बोलण्याला शेवटी. ‘मला माझ्या लहानपणाबद्दल विचारा’ अशा गप्पा थांबून वाचाव्या लागतात. मुख्य प्रसंगात साथीदाराने नायकाच्या आधी तोंड उघडलं, तर तो कथेचा भाग वाटतो.

---

हत्तीगणपती

चौघांत जोड्या सहा होतात, म्हणजे 240 ओळी भागिले सहा, जोडीला 40. पाच ओळींचा एक संवाद धरला तर जोडीमागे आठ. छान बसतंय. पाचवा साथीदार घ्यायचा मोह झाला तर आधीच सांगतो, जोड्या दहा होतात. सहावा घेतला तर पंधरा.

आता हे संवाद बिघडतात कसे, ते. चालता चालता संवाद सुरू होतो, दुसऱ्या ओळीला लढाई लागते, संवाद तुटतो, आणि खेळ तो ‘झाला’ म्हणून नोंदवून मोकळा होतो. नोंद शेवटची ओळ दाखवल्यावरच करा. तुटलेला संवाद तिसऱ्या ओळीपासून पुढे न नेता पहिल्यापासून परत रांगेत टाका, कारण मधल्या वेळात खेळाडू विषय विसरलेला असतो. दोन संवादांमध्ये सहा ते आठ मिनिटांचं अंतर ठेवा, पण हे घड्याळ मेनू उघडा असताना थांबलं पाहिजे. आणि नुसत्या नशिबावर सोडू नका. ड्रॅगन एज: इन्क्विझिशनमध्ये (2014) तासन्‌तास फिरूनही साथीदार एकमेकांशी बोलतच नाहीत, ही तक्रार फार झाली होती.

कुठली ओळ आधी, यासाठी सोपा नियम आहे: जिच्या अटी जास्त ती आधी. ‘कारकून बरोबर आहे’ ही एक अट. ‘कारकून बरोबर आहे, गारदीही आहे, दिल्ली दरवाज्यासमोर आहोत आणि पाऊस पडतोय’ या चार अटी. चारही जुळल्या तर तीच ओळ आली पाहिजे. व्हॉल्व्हने लेफ्ट फोर डेडमध्ये वापरलेली पद्धत हीच. खास ओळी थोड्याच लिहाव्या लागतात, पण त्या नेमक्या जागी आल्याने सगळा खेळ लक्ष ठेवून आहे असं वाटतं.

---

सुनयना_एस

मराठीत लिहिताय म्हणून एक मोठा मुद्दा, जो इंग्रजी खेळांवरून शिकता येत नाही. नायक स्त्री की पुरुष हे खेळाडू निवडणार असेल, तर क्रियापदं दुप्पट होतात. ‘तू आलास, तू आलीस.’ ‘मी निघतो, मी निघते.’ हे टाळायच्या वाटा आहेत.

साथीदार नायकाला ‘तुम्ही’ म्हणत असतील, तर ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही जाता’ ही रूपं दोघांना चालतात. भविष्यकाळ ‘तू’ मध्येही चालतो: ‘तू जाशील’. सकर्मक भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, म्हणून ‘तू पत्र वाचलंस’, ‘मी दार उघडलं’ दोघांना एकच. नायकाच्या तोंडी ‘मी निघतो’ ऐवजी ‘निघायला हवं’ किंवा ‘मला जायचंय’. ‘मी थकलोय’ ऐवजी ‘पाय चालत नाहीत आता’. फसवणारी क्रियापदं लक्षात ठेवा: विसरणे, बोलणे, शिकणे, म्हणणे, भेटणे. यांतली काही कर्म घेऊनही कर्त्याप्रमाणे बदलतात: ‘मी नाव विसरलो, मी नाव विसरले.’

आता याचा कथेला फायदा. पहिल्या अर्ध्यात सगळे ‘तुम्ही’. सातव्या-आठव्या दिवशी बारगीर पहिल्यांदा ‘अरे’ किंवा ‘अगं’ म्हणतो. इंग्रजी खेळात जवळीक दाखवायला अख्खा प्रसंग लागतो, इथे ते एका हाकेत होतं. आणि दुप्पट लिहाव्या लागणाऱ्या ओळी फक्त शेवटच्या तीन दिवसांपुरत्या राहतात.

---

तळजाई

सुनयनाताई, बारगिरासाठी हे फारच छान. कुणबिणीच्या बाबतीत मात्र चालणार नाही. ती विकत घेतलेली बाई आहे, तिच्या तोंडून नायकाला ‘तू’ येणं त्या काळात जवळीक ठरणार नाही, खटकेल. तिच्यासाठी बदल उलट्या बाजूने हवा. सुरुवातीला सगळे तिला ‘ए’ म्हणून हाक मारतात आणि ती मान खाली घालून उत्तर देते. नायकाने तिचं नाव विचारलं, ही तिची पहिली आठवण, मुठाकाठ म्हणतात त्या चारांपैकी. विचारलं नाही, तर खेळभर पडद्यावर तिच्या ओळींवर ‘कुणबीण’ असंच छापून येईल. विचारलं, तर त्या क्षणापासून नाव. एका व्हेरिएबलचं काम आहे.

---

सुनयना_एस

पूर्ण सहमत. मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होते. नावाची कल्पना घ्याच, चिंतामणी.

---

दिवेघाट

लिपीचा मुद्दा राहिला. गोडो 4 निवडलंत ते योग्य, त्यात हार्फबझ (अक्षरं जोडून आकार देणारी लायब्ररी) असल्याने जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार बरोबर बसतात. गोडो 3 मध्ये ते होत नव्हतं. मात्र इंजिन स्वतः बांधलंत, तर प्रगत टेक्स्ट सर्व्हर (मजकूर मांडणारा भाग) काढू नका, साध्या पर्यायी सर्व्हरमध्ये देवनागरी तुटते.

अक्षर-अक्षर उमटणारा मजकूर हवा असेल, तर लेबलमधली दिसणाऱ्या अक्षरांची सेटिंग मूळ अवस्थेत ठेवू नका. मूळ सेटिंग मजकूर आधी कापते आणि मग आकार देते. ‘क्षमा’ उमटताना आधी ‘क’, मग पायमोडका ‘क्’ आणि मग एकदम ‘क्ष’ अशी उडी दिसते, ओळीही मध्येच खाली घसरतात. ‘आकार दिल्यानंतर’चा पर्याय घ्या. ओळींमधलं अंतर इंग्रजी मांडणीपेक्षा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. इंकमधली नॉट (संवादाचे नाव दिलेले तुकडे) आणि व्हेरिएबलची नावं रोमनमध्ये ठेवा, आणि चाचणीसाठी खेळ बाहेर दिल्यावर ती बदलू नका, जुन्या सेव्ह फाइल अडकतात.

---

तुळशीबाग_उत्तर

नकाशा करताना: विश्रामबागवाडा घेऊ नका, तो दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. नानावाडाही नंतरचा. पर्वती, ओंकारेश्वर, कसबा गणपती, लकडी पूल, कात्रजहून येणाऱ्या नळाचे हौद चालतील. हौद तर घ्याच, सगळ्या थरांतल्या बातम्या तिथे पोचतात. संदर्भासाठी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच.

आणि एक कळकळीची विनंती. ‘ध’ चा ‘मा’ हे खेळाचं रहस्य करू नका. मराठी वाचकाला ते शाळेपासून ठाऊक आहे, पुढे रामशास्त्री आणि बारभाई येणार हेही ठाऊक आहे. पेशव्यांच्या घरात काय झालं यात उत्सुकता उरत नाही. या चार माणसांचं काय होतं, हे मात्र कोणत्याच बखरीत नाही.

---

मुठाकाठ

तुळशीबाग, शेवटचा परिच्छेद पहिल्या पानावर लावायला हवा. आणि गारद्याला काय हवंय हे मी चार ओळींत शोधत होतो: त्याला थकलेला पगार हवाय. निष्ठा, कट, काही नाही. आठ महिन्यांचा पगार आणि गावी जाण्याची वाट. तो त्या दिवशी कुठल्या दारावर होता, हे फक्त कुणबिणीने पाहिलंय.

---

चिंतामणी_कसबा

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पूर्वकथांचा पडदा काढला, नायक जासूद, पहिल्या दिवशी तीन प्रश्न. चरित्रांच्या जागी चार ओळी. आकडा नाही, प्रत्येकाच्या चार आठवणी.

एकच गाठ सुटत नाही. आठव्या दिवशी कुणबीण गारद्याला ओळखते. त्यावेळी दोघंही पार्टीत (नायकाबरोबर चालणाऱ्यांत) असतील, एकच असेल, किंवा दोघंही मुक्कामावर असतील. शिवाय गारदी त्याआधी मेलेला किंवा सोडून गेलेला असू शकतो. प्रसंग किती वेळा लिहायचा?

---

रसिका_डी

एकदाच, आणि मुक्कामावर. रस्त्यात ठेवलात तर चार रूपं लिहावी लागतील. आठव्या रात्री सगळे मुक्कामावर असतातच, तेव्हा पार्टीत कोण होतं हा प्रश्नच उरत नाही. बाल्डर्स गेट 3 मधलं (2023) शॅडोहार्ट आणि लेझेलचं रात्रीचं भांडण मुक्कामावर आहे, त्याची ही सोय बघा. दिवसा बरोबर असलेल्याला फक्त दोन ओळी जास्त द्या.

गारदी नसेल तर प्रसंग रद्द करू नका, नाहीतर कुणबिणीची कथा अर्धी राहते. मास इफेक्ट 3 मध्ये रेक्स मेलेला असेल, तर त्याच्या जागी रीव्ह येतो. काम तेच, माणूस वाईट, आणि खेळाडूला हानी जाणवते. तुमच्याकडे गारद्याचा बिल्ला किंवा शेला कुणबिणीच्या हाती लागू द्या. ती तोच प्रसंग नायकाशी बोलते, आरोपाला उत्तर देणारं मात्र कोणी नसतं. म्हणजे रूपं दोनच.

---

मुठाकाठ

आणि तोडगा एका गुणावर ठेवू नका. रेक्सच्या प्रसंगात दोन वाटा आहेत: बोलण्याचं कौशल्य पुरेसं असणं, किंवा आधी त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून दिलेलं असणं. तुमच्याकडे कौशल्याची वाट ठेवूच नका. दोन आठवणी तपासा: कुणबिणीचं नाव विचारलं होतं का, आणि गारद्याला पगार मिळवून दिला का. दोन्ही हो असतील, तर तो स्वतः खरं सांगतो आणि ती ऐकते. तरीही तिने क्षमा करू नये, दोघांपैकी एक सकाळी निघून जावं. फक्त नाव विचारलेलं असेल, तर ती नायकाला सांगून कोतवालीत जाते. फक्त पगार दिला असेल, तर तो रात्रीच पळतो. दोन्ही नाही, तर सकाळी दोघांच्या जागा रिकाम्या. चार शेवट, प्रत्येकी दहा-बारा ओळी. पळालेला गारदी दहाव्या दिवशी नदीच्या उतारावर भेटू शकतो, तिथे त्याच्यासाठी तीन ओळी राखून ठेवा.

---

दिवेघाट

इंकमध्ये हे करताना चारही फांद्या एकाच नॉटवर परत आणा आणि कोण उरलं हे तिथेच एकदा साठवा. नवव्या दिवसाच्या प्रत्येक संवादात आठवणी पुन्हा तपासत बसलात, तर एखादी अट सुटते आणि निघून गेलेला माणूस मध्येच बोलतो. चाचणीसाठी आठव्या रात्रीच्या आधीची एक सेव्ह फाइल घ्या, दोन आठवणींच्या चारही जोड्या हाताने भरा, आणि गारदी नसलेली पाचवी फाइल वेगळी. पाचही फाइल दहाव्या दिवसापर्यंत चालवून पाहा, स्त्री नायकासह आणि पुरुष नायकासह.